गुराब आणि गलबत

शासकीय कामानिमित्त जयपूरला गेलो असता एक दिवस सवड काढून आमेर पाहिले. कछवाहांची ही जुनी राजधानी. जयपूर वसले ते १७२७ मध्ये, त्यापूर्वीचा सारा वैभवाचा काळ या डोंगरकपारीतला. महालाच्या गच्चीतून खाली पाहिले की मावठा नावाचे तळे दिसते. आमेरला मोठे पाणी म्हणजे एवढेच. वरच्या अंगाला जयगड आहे आणि त्या गडावर 'जयवाण' ही प्रसिद्ध तोफ आहे. सवाई जयसिंहाच्या कारकीर्दीत, १७२० मध्ये, ती तेथल्याच कारखान्यात ओतली गेली. वजन सुमारे पन्नास टन. चाकांवर चढवलेल्या तोफांत ती जगातल्या सर्वांत मोठ्या तोफांपैकी एक म्हणून गणली जाते. चाचणीसाठी ती एकदाच डागली. युद्धात मात्र एकदाही नाही. गोळा कोठे पडला याविषयी तेथील वाटाड्ये मोठ्या रंगात येऊन सांगतात, ते असो.

माझ्या मनात त्या वेळी आला तो दुसराच जयगड. आपल्या कोकणात शास्त्री नदीच्या मुखाशी याच नावाचा किल्ला आहे. नोकरीच्या आरंभीची काही वर्षे त्या किनाऱ्यावर गेली. मच्छीमारांना नौकेसाठी द्यावयाच्या कर्जाची प्रकरणे तपासणे हे तेव्हाच्या माझ्या कामांपैकी एक काम होते. एका खाडीकाठच्या गावातून एकाच घरातले दोन अर्ज आले होते. एक वृद्ध खारवी तांडेलाचा, दुसरा त्याच्या पुतण्याचा. पुतण्याला खोल बुडाची, बर्फाची कोठी असलेली, चार-सहा दिवस बाहेर राहू शकेल अशी मोठी नौका हवी होती. म्हाताऱ्याला हवी होती ती उथळ, रुंद, अंगाने हलकी. मी पुस्तकी शहाणपणाने विचारले, "तांडेल, मोठ्या पाण्यात जायचे तर मोठी नौका नको का?" त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. म्हणाला, "साहेब, दर्या केवढा ते सगळेच बघतात. आम्ही आधी खाडीचं तोंड बघतो. जायला काय, कशीही जाईल. सुकतीला परत आत यायला हवी."

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे विसरलो होतो. आमेरच्या गच्चीत ते आठवले, त्याचे कारण मिर्झाराजे जयसिंह.

मिर्झाराजे हे याच आमेरचे राजे. शिवाजी महाराजांवरील मोहिमेसाठी औरंगजेबाने त्यांची निवड केली ती १६६४ च्या सप्टेंबरअखेर. ९ जानेवारी १६६५ रोजी त्यांनी नर्मदा ओलांडली आणि ३ मार्चला ते पुण्यात दाखल झाले. या दोन तारखांच्या मध्ये, म्हणजे फेब्रुवारी महिन्यात, महाराज कोठे होते? ते समुद्रावर होते. मालवणहून मोठा नाविक तांडा घेऊन ते कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूरवर चालून गेले होते. कारवारच्या इंग्रज वखारीच्या पत्रांत या तांड्याची मोजदाद आहे : लहान लढाऊ नावा पंच्याऐंशी आणि मोठी जहाजे तीन. परतीच्या वाटेवर गोकर्णाचे दर्शन घेऊन महाराजांनी बहुतेक आरमार परत पाठवले. वाटेतल्या नद्यांवरून सैन्य उतरवण्यापुरत्या बारा नावा तेवढ्या जवळ ठेवल्या आणि पुढचा प्रवास खुष्कीने केला.

पंच्याऐंशी आणि तीन. या प्रमाणाचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. समुद्रावर नवे राज्य उभारू पाहणारा पुरुष तीनच मोठी जहाजे बाळगतो आणि लहान नावा मात्र पंच्याऐंशी, हे केवळ पैशाच्या टंचाईमुळे झाले की त्यामागे निवड होती? मिर्झाराजांसारख्या अनुभवी सेनापतीने ही गोष्ट हलकी मानली नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील युरोपीय वसाहतींना पत्रे पाठवून मराठ्यांच्या आरमाराला अडवण्याची मागणी त्यांनी केली होती. ज्याच्या राजधानीत तळ्यापलीकडे पाणी नाही, त्यालाही खुष्कीचा वेढा अपुरा पडेल हे दिसत होते. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले मोगलांकडे गेले. परंतु समुद्रावरचा उद्योग मराठ्यांनी सोडला नाही.

आता या नावांचे स्वरूप पाहू. जुन्या बखरींत गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे, मचवे अशी नावांची मोठी यादी येते. त्यांतली शिबाडे ही मुख्यतः व्यापारी, मचवे लहान कामाचे व मासेमारीचे. लढाईचा भार वाहिला तो दोघांनी, गुराबेने आणि गलबताने. या दोहोंचे उत्तम वर्णन रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने करून ठेवले आहे. शत्रूने केलेले वर्णन बहुधा बारकाईचे असते; ज्याची भीती वाटते त्याचे मोजमाप माणूस नीट घेतो.

गुराब हे नाव अरबी. त्याचा अर्थ कावळा. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने ती फार रुंद असे आणि त्यामुळे तिला पाणी थोडे लागे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि तिची नाळ लांब, चोचीसारखी पुढे झेपावलेली असे. या नाळेच्या मागे आडव्या भिंतीत दोन झरोके आणि त्यांत दोन तोफा, नऊ ते बारा रत्तली गोळ्यांच्या, थेट पुढे रोखलेल्या. बाजूंच्या तोफा त्याहून हलक्या. म्हणजे ही नाव मुळात पाठलागासाठी घडवलेली. युरोपीय जहाज आपली कूस शत्रूकडे वळवून लढे. गुराब तोंड शत्रूकडे करून लढे.

पण त्या लांब नाळेचा एक दोषही होता. समोरून लाट आली की गुराब पुढच्या अंगाने जोराने खाली बुडे व वर उसळे. कारागिरांना तो दोष ठाऊक होता. म्हणून नाळेवरच्या फळ्यांना त्यांनी कठडाच ठेवला नाही. जे पाणी वर येईल ते दोन्ही बाजूंनी विनाअडथळा वाहून जावे, अशी योजना केली. दोष नाहीसा करता येत नाही तेव्हा तो सोसता येईल असा करून घ्यावा, ही तोड मला कोणत्याही नव्या शोधाइतकीच बुद्धिमान वाटते. मात्र उघड्या समुद्रात, समोरच्या वाऱ्यात दिवसचे दिवस झुंजण्यासाठी ही नाव नव्हती, हेही त्यावरून उघड होते.

गलबत त्याहून लहान. सत्तर टनांच्या आत. त्याला दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची बारीक. मुख्य डोलकाठीवर मोठे त्रिकोणी शीड. काही गलबतांचा वरचा तळ चिरलेल्या बांबूंचा असे, केवळ वजन कमी व्हावे म्हणून, आणि त्यावर फिरत्या लहान तोफा बसवीत. मोठ्या गलबतांवर सहा-आठ तोफा, त्याही दोन ते चार रत्तली. पण गलबताचे खरे बळ तोफांत नव्हते. ते चाळीस-पन्नास वल्ह्यांत होते. वारा असो वा नसो, तासाला चार मैलांच्या वेगाने ते चाले.

वारा नसताना चालणे म्हणजे काय, हे आज यंत्रयुगात आपल्याला नीट कळत नाही. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर वाऱ्याचा एक दिनक्रम असतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो, आणि या दोहोंच्या सांध्यावर काही काळ हवा अगदी पडते. त्या वेळी शिडाचे जहाज, मग ते केवढेही असो, पाण्यावर नुसते डुलत उभे राहते. आंगऱ्यांचे आरमार याच घटकेची वाट पाहत असे. आठ-दहा गुराबा, चाळीस-पन्नास गलबते. परके जहाज दृष्टीस पडले की वारा असल्यास शिडे उभारून निघावे, वारा पडला असल्यास गलबतांनी वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढून न्यावे. जहाजाच्या पाठीमागे, जेथे त्याच्या कुशीतल्या तोफा पोचत नाहीत तेथे, जमावे. गुराबांनी नाळेवरच्या तोफांनी प्रथम डोलकाठ्या मोडाव्यात आणि जहाज पांगळे झाले की गलबतांतून दोनतीनशे माणसांनी तलवारी उपसून त्यावर चढावे. एकटी गुराब हे करू शकत नव्हती, एकटे गलबतही नाही.

या निवडीचा लेखी पुरावाही आपल्याकडे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, सुमारे १७१५ च्या त्या ग्रंथात, आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. शासकीय सेवेत मी वर्षानुवर्षे परिपत्रके वाचतो आणि लिहितोही. त्यांतली बहुतेक का काढली हे वाचून कळत नाही. अमात्यांचे लेखन त्याच्या उलट आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे सांगून ते लगेच मापावर येतात. गुराबा बांधाव्या त्या फार थोर नव्हेत, फार लहानही नव्हेत, मध्यम बांधाव्या. गलबतेही तशीच. वाऱ्यावाचून जी चालू शकत नाहीत अशी प्रचंड जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही. एका सुभ्याकडे पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत. शत्रू भारी असेल व वारा प्रतिकूल असेल तर हट्टाने झुंजू नये, आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला यावे. शत्रू हतबल होऊन कौल मागू लागला तरी त्याच्या जवळ एकदम जाऊ नये. पावसाळ्यापूर्वी नावा बंदरात ओढून शाकारून ठेवाव्या, आणि दर वर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, म्हणजे एकाच ठिकाणच्या रयतेला उपद्रव होणार नाही. लाकडासाठी साग तोडावा तोही परवानगीने. रयतेचे आंबे-फणस तर तोडूच नयेत, कारण ती झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. जहाजाच्या मापापासून आंब्याच्या झाडापर्यंत एका दमात येणारा हा कारभारी मला फार जवळचा वाटतो.

आज्ञापत्र आणि जयवाण यांच्यात पाचच वर्षांचे अंतर आहे. दोन्ही राज्ये अर्थातच फार वेगळी होती, आणि तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. तोफ जागेवर बसून राहिली तरी किल्ल्याचा दरारा वाढवते. जहाजाला मात्र रोज पाण्यात जावे लागते आणि रोज परत यावे लागते.

मध्यम मापाचा आग्रह अनुभवातून आला होता. तो अनुभव पाहायचा तर खांदेरीच्या लढाईकडे वळले पाहिजे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या समोर असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. काम मायनाक भंडाऱ्याकडे होते. मुंबईच्या इंग्रजांना हे बेट आपल्या बंदराच्या दाराशी बसलेल्या चौकीसारखे वाटले, आणि ते खरेच होते. त्यांनी आपली जहाजे बेटाभोवती उभी केली. सप्टेंबरात किनाऱ्यावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प ठार झाला. तरीही रात्रीच्या अंधारात थळच्या बाजूने लहान मराठी नावा दाणागोटा, चुना, माणसे घेऊन बेटावर पोचतच राहिल्या. जी नाव उथळ पाण्यातून खडकांच्या मधून जाते, तिला खोल पाण्यात उभे राहून अडवायचे कसे?

१८ ऑक्टोबरला सकाळी दौलतखानाच्या हाताखाली चाळिसांवर गलबते किनाऱ्याकडून एकदम इंग्रजांच्या आठ जहाजांवर आली. 'डोव्ह' या इंग्रजांच्या गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती पडली. इतर लहान जहाजे मागे राहिली. परंतु 'रिव्हेंज' हे मोठे लढाऊ जहाज, कॅप्टन मिंचिन व कीग्विन त्यावर होते, एकटे उभे राहिले. त्याच्या तोफांपुढे गलबतांचा टिकाव लागला नाही. ती मागे वळली आणि 'रिव्हेंज'ने त्यांचा पाठलाग केला. कोठवर? नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत. तेथे वाळूचा उंचवटा आडवा आला. गलबते आत गेली, 'रिव्हेंज' बाहेर राहिले. दोन दिवसांनी गलबते पुन्हा बाहेर आली. इंग्रज पुढे सरकताच पुन्हा आत गेली. असे होता होता अखेर इंग्रजांना आपली जहाजे काढून घ्यावी लागली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

माझ्या खारवी तांडेलाचे खाडीचे तोंड ते हेच. उघड्या पाण्यात त्या दिवशी जिंकले ते मोठे जहाज. बेट मात्र राहिले लहान नावांकडे. आपल्या शाळेतल्या पुस्तकांत या लढाईचा पहिला अर्धा भाग बहुधा गाळलेला असतो. तो गाळला की मराठ्यांची बुद्धीही दिसेनाशी होते, कारण 'रिव्हेंज'शी समोरासमोर झुंजून आपण हरतो, हे ओळखूनच त्यांनी पुढचे डावपेच ठरवले होते.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आरमार बांधले खरे, पण समुद्रपार जाणारी मोठी जहाजे बांधली नाहीत. म्हणून अखेर समुद्र इंग्रजांचा झाला. हा आक्षेप अगदी पोकळ नाही. आरंभी तर मोठी जहाजे बांधणारे हातही आपले नव्हते. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या बाजूला महाराजांच्या नावा बांधण्याच्या कामावर रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कान फुंकताच तो आपली माणसे घेऊन निघून गेला. ओतीव तोफांसाठी, चांगल्या गोलंदाजांसाठी परक्यांकडे पाहावे लागे. मोठे जहाज म्हणजे नुसते मोठे लाकूड नव्हे. त्याच्या दोन्ही कुशींत भरायला पन्नास-साठ तोफा, त्या चालवायला शेकडो शिकलेली माणसे आणि ते जहाज उभे करायला खोल बंदर लागते. यांतले काय आपल्याकडे होते? मध्यम गुराब मात्र आपला साग, आपला काथ्या, आपले सुतार आणि आपले भंडारी-कोळी यांवर तरली. मुंबईच्या इंग्रजांनीही आपल्या आरमारात गुराबा आणि गलबते बाळगली, हे या निवडीला मिळालेले प्रशस्तिपत्रच म्हणावे लागेल.

आणि तरीही किंमत द्यावी लागलीच. कान्होजी आंगरे १७२९ मध्ये वारले, तोपर्यंत इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकेकट्याने आणि १७२१ मध्ये कुलाब्यावर मिळून केलेले हल्ले फसले होते. १७५४ मध्ये तुळाजी आंगऱ्याने तीन डच जहाजांवर झडप घातली. दोन जळाली, तिसरे हाती आले. मोठी जहाजेही या युक्तीपुढे अभेद्य नाहीत, हे तेथे दिसले. पण पुढच्याच वर्षी पेशव्यांनी तुळाजीचा काटा काढण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजे विजयदुर्गासमोर आली. जमिनीच्या बाजूला पेशव्यांचे सैन्य होते.

अमात्यांच्या नियमाप्रमाणेच वागायचे तर शत्रू भारी असताना आरमाराने किल्ल्याच्या आश्रयाला यावे. तसे ते आलेही होते. वाघोटनच्या खाडीत किल्ल्याखाली सारी जहाजे एकमेकांना बांधून उभी होती. एक गोळा त्यांतल्या 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज आंगऱ्यांनी काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच पकडले होते. त्याने पेट घेतला आणि एकावरून दुसऱ्यावर आग पसरत गेली. सायंकाळपर्यंत पश्चिम किनाऱ्यावरचे ते सर्वांत प्रबळ एतद्देशीय आरमार जळून गेले. जे खाडीचे तोंड पंच्याहत्तर वर्षांपूर्वी नागोठण्याला गलबतांचे कवच झाले होते, तेच विजयदुर्गाला बाहेरून बंद झाले.

याचा दोष गुराबेला किंवा गलबताला देता येईल, असे मला वाटत नाही. खाडी हा आश्रय ठरतो तो मागची जमीन आपली असते तेव्हा. नागोठण्याला ती होती. विजयदुर्गाला त्या जमिनीवर पेशव्यांच्या छावण्या होत्या. नानासाहेब पेशवे कर्तबगार कारभारी होते आणि तुळाजीने त्यांना कमी त्रास दिला नव्हता. पण ते वैर मिटवण्यासाठी परक्याच्या तोफा आपल्याच खाडीत बोलावणे, ही गोष्ट माझ्या मते अक्षम्य होती. आज्ञापत्रात आरमाराविषयी एवढे बारीक लिहिणाऱ्या अमात्यांनीही असा प्रसंग कल्पिला नव्हता, आणि त्यांनी तो कल्पावा तरी का?

आमेरहून उतरताना मावठ्याच्या काठी थोडा वेळ बसलो. तळ्याचे पाणी अगदी स्थिर होते, आणि कर्जाच्या त्या दोन अर्जांचे पुढे काय झाले ते मला आठवले. दोन्ही मंजूर झाले होते. त्या किनाऱ्यावरून माझी बदली होण्यापूर्वी एकदा त्या गावी गेलो, तेव्हा ओहोटीची वेळ होती. म्हाताऱ्याची नाव आत येऊन वाळूवर कलंडली होती आणि सुना टोपल्या उतरवून घेत होत्या. पुतण्याची मोठी नौका तोंडाबाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहत उभी होती. तास-दीड तासाने ती आत आली. पुतण्या किनाऱ्यावर उतरला, मला पाहून हसला आणि म्हणाला, "साहेब, काका घरी आधी पोचतात, ते खरं. पण ही एवढी सुरमई त्यांच्या जाळ्यात कधी आली का, ते त्यांनाच विचारा." म्हातारा ऐकत होता. तो काही बोलला नाही. त्याने पुतण्याच्या टोपलीतली एक सुरमई उचलून हातात तोलून पाहिली आणि परत ठेवली.